टिटवाळ्याचा दहा पायांचा पक्षी

ठाण्याच्या खाडीला बांध घालून मिळवलेले एक शेत, एवढीच आमच्या घराण्याची दौलत. बांध धड असला तर भात, फुटला तर मीठ. मी लहान असताना एका उधाणाला तो फुटला आणि खारे पाणी शेतात शिरून बसले. अशी जमीन पुन्हा गोडी व्हायला पावसाळ्यांमागून पावसाळे जावे लागतात. ते आम्ही पेज आणि सुके बोंबील यांवर काढले. बाबा दुसऱ्यांच्या मिठागरात मीठ ओढायला जात. त्यांच्या पायांच्या भेगा कधी बुजल्या नाहीत, कारण बुजायच्या आत त्यांत पुन्हा मीठ जाई. आई कोंबड्या पाळी, पण आमच्या घरात कोणी अंडे खाल्ल्याचे मला आठवत नाही. अंडी बाजारात जात आणि त्यांच्या बदल्यात तांदळाची कणी येई.

शेत पुन्हा पिकू लागले तेव्हा मला पहिले काम मिळाले ते पाखरे हाकलण्याचे. माचाणावर उभे राहायचे, गोफण फिरवायची, घसा फुटेस्तोवर ओरडायचे. मी हाकलत होतो, पण हाकलण्याआधी प्रत्येक पाखराला पुरते बघून घेत होतो. बाबा खालून म्हणत, "हाकलायला उभा केलाय तुला, पाहुणचार करायला नाय."

पुढे पाद्रीबाबांनी मला शाळेत घातले, शाळेने मुंबईच्या कॉलेजात ढकलले, आणि मी बी. ए. झालो. आमच्या सबंध खाडीकाठच्या किरिस्ताव वस्त्यांत बी. ए. झालेला पहिला माणूस मी, हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांनी पोथ्या वाचल्या त्यांनी नम्र राहावे. त्यांना ते परवडते.

आता ठाण्याच्या एका शाळेत मी मास्तर आहे. तिथे हेडमास्तरांच्या मागे लागून लागून मी सृष्टिज्ञानाचा एक वर्ग उघडवला. झाडे, किडे, पक्षी मुलांनी पुस्तकातून पाठ न करता डोळ्यांनी पाहून शिकावेत, असा तो वर्ग. बी. ए. होऊन मी दुसरे काय केले असे कोणी विचारले तर मी त्या वर्गाकडे बोट दाखवीन. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी वणवण त्या वर्गासाठी झाली.

माझी बायको कतरीन ही आमच्याच वस्तीतली, होडीवाल्याची मुलगी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी तिला विचारले की रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर खाडीवर पक्ष्यांसाठी येशील का. तिने विचारले, धरायचे का? मी म्हटले, नाही, नुसते बघायचे. ती म्हणाली की बघून झाल्यावर जेवायला घरी यायचे असेल तर तिची हरकत नाही. तेव्हापासून ती बरोबर येते. वस्तीतल्या बायका तिला म्हणतात की तुझा नवरा शिकून बिघडला. ती त्यांना सांगते की दारू पिऊन बिघडण्यापेक्षा हे बरे, घरी येताना वाट तरी सापडते.

माझ्याकडे एक पितळी दुर्बीण आहे. मुंबईत जहाजांचे मोडके सामान विकणाऱ्याकडून घेतलेली, बाहेरून तांबडे चामडे शिवलेली. कतरीन तिला सवत म्हणते. "आपल्यात दुसरी करता येत नाय, म्हणून यांनी नळी आणली. मिठी तिला, भाकऱ्या माझ्या."

गेल्या श्रावणात आम्ही दोघे टिटवाळ्याच्या तळ्यावर गेलो होतो. तिथे कमळाच्या पानांवर चालणारा एक पक्षी आहे. त्याचे डोके आणि मान काळी कुळकुळीत, डोळ्यावर पांढरी भुवई, आणि पंख घासून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे. पायाची बोटे इतकी लांब की पानावर पसरली की त्याचा भार पानाला कळत नाही. गावचे लोक त्याला कमळपक्षी म्हणतात. मी दुर्बीण लावली, तर तो पक्षी दोन पायांवर उभा, आणि त्याच्या अंगाखाली दोन्ही बाजूंना आणखी पाय लोंबत होते. मी मोजले. पुन्हा मोजले. दहा. तेवढ्यात तो गवतात शिरला.

मी डोळ्यांनी पाहिलेले शिक्षकांच्या खोलीत जसेच्या तसे सांगितले. आता या खोलीत आमचे शास्त्रीबुवा बसतात. संस्कृत शिकवतात, विद्वान आहेत, आणि त्यांच्या पुराणातल्या गोष्टींना मी पूर्वी अधूनमधून चिमटे काढलेले होते. त्यांनी माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, तपकीर ओढली, आणि म्हणाले, "आमच्या पुराणातला शरभ आठ पायांचा. त्याला तुम्ही थाप म्हणालात, मास्तर. तुमचा पक्षी तर त्याच्याही दोन पाय पुढे गेला. बी. ए. ला पाय जास्त मिळतात वाटतं."

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर फळ्यावर खडूने काढलेला एक पक्षी होता. पाय मोजायची मला गरज पडली नाही. आठवडाभरात ही गोष्ट बाजारात पोचली आणि बाजारातून आमच्या बाबांच्या कानावर आली. त्यांनी मला एवढेच विचारले की इतके शिकल्यावर पाय मोजायला चुकतात का. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितले ते सभ्यपणे सांगितले, पण त्यात पळवाट नव्हती. पालक हसतात. सहामाहीच्या सुट्टीनंतर एक तर भरवशाचा साक्षीदार आणा, नाही तर मुलांसमोर सांगा की आपण असे काही पाहिले नाही. दोन्ही जमत नसेल तर सृष्टिज्ञानाचा वर्ग बंद करू.

जे पाहिले ते पाहिले नाही असे मी मुलांना सांगणार नव्हतो. म्हणजे साक्षीदार मिळाला नाही तर वर्ग गेला.

घरी कतरीन म्हणाली की ती त्या दिवशी हातभर अंतरावर बसली होती, पण तिला नळी कोणी दिली नाही. दिली असती तर आज दोन साक्षी असत्या. हे खरे होते, म्हणून मी म्हणालो की बायकोची साक्ष कोण धरतो. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग असा माणूस न्या ज्याला तुमी खोटे ठरलेले आवडेल."

असा माणूस शोधायला लांब जावे लागले नाही.

कल्याण

शास्त्रीबुवा यायला तयार झाले याचे मला आश्चर्य वाटले, त्यांच्या अटींचे वाटले नाही. पाणी त्यांचे, अन्न त्यांचे, बसायची जागा वेगळी. शेवटची अट त्यांनी कतरीनकडे बघून सांगितली की दिसले नाही तर दिसले नाही असेच मी सांगेन. ती म्हणाली, तेच पाहिजे.

गाडीतून कल्याणला उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि मलंगगडाच्या अर्ध्या अंगावर ढग गुंडाळलेला होता. खाडीत मचवे लागले होते. त्यांच्या डोलकाठ्यांवर पाणकावळे पंख पसरून असे बसले होते की कोणी धुणे वाळत घातले आहे असे वाटावे. मी तिथेच दुर्बीण काढली. कतरीनने बैलगाडी ठरवली, सामान चढवले, शास्त्रीबुवांना गाडीवानाच्या शेजारी बसवले, त्यांचे सोवळ्याचे गाठोडे आमच्या मासळीच्या टोपलीपासून शक्य तितके दूर ठेवले, आणि मग मला हाक मारली. शास्त्रीबुवा म्हणाले की मास्तर प्रवासाला निघतात की त्यांना कोणी नेते, हे आता त्यांच्या ध्यानात आले.

टिटवाळ्याची वाट भातशेतांमधून जाते. भात पोटरीला आला होता. आमच्या खाडीकाठच्या भातापेक्षा इकडचे भात उंच, आणि बांधांवर तेरड्याची जांभळी फुले दाटलेली. आमच्याकडे बांध म्हणजे दगड, चिखल आणि चिंता. इथे बांधावर फुले येतात हे बघून मला जरा रागच आला. बाभळीवर सुगरणींची घरटी लोंबत होती. काही अर्धवट सोडून दिलेली होती. मी सांगितले की नर घरटे अर्धे बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तर पुरे होते, नाही तर तो दुसरे सुरू करतो. कतरीनने आमच्या घराच्या गळत्या कोपऱ्याची आठवण काढली आणि विचारले की पसंत नसताना राहायला आलेल्या मादीसाठी पक्ष्यांत काही सोय असते का. शास्त्रीबुवा पाठमोरे होते, पण त्यांचे खांदे हलले.

काळू नदीच्या अलीकडे जेवायला थांबलो. कतरीनने टोपली उघडली. ताडीत भिजवलेल्या पिठाचे तळलेले फुगे, सुकटीची चटणी, आणि चिंचेत मुरवलेले मासे. शास्त्रीबुवांनी वाऱ्याची दिशा पाहिली, उठले, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला एका दगडावर आमच्याकडे पाठ करून दहीपोहे खायला बसले. आमच्यात जेवताना कोणी पाठ फिरवली तर भांडण झाले असे समजतात. त्यांच्यात तीच रीत. कतरीनने मला हळूच विचारले की यांना आपले काहीच चालत नाही का. मी म्हटले, सालीतले फळ चालते. तिने लगेच वेलची केळ्यांचा फणा नेऊन दगडापासून चार हातांवर, पळसाच्या पानावर ठेवला आणि मागे सरली. परत पाहिले तेव्हा पानावर साली होत्या.

टिटवाळे, पहिला दिवस

तळे देवळाजवळ आहे. अर्ध्याहून जास्त पाणी कमळांनी आणि शिंगाड्याच्या वेलांनी झाकलेले, कडेला लव्हाळे, आणि पलीकडे लांब माहुलीचे सुळके. पोचल्या पोचल्या मी काठाने निघालो, आणि जिथे गवत दिसत होते तिथे जमीन नव्हती. गुडघ्यापर्यंत गेलो. एक पाय काढला की दुसरा खोल जाई. दुर्बीण डोक्यावर धरली होती, ती मात्र कोरडी राहिली.

इकडे विहिरीवर वेगळेच चालले होते. ते कतरीनने मला मागून सांगितले, आणि पुढे कित्येकांना सांगितले. देवळातल्या गुरवाची बायको पाणी भरायला आली होती. तिने कतरीनला नीट पाहिले. लाल चौकड्यांचे लुगडे, हातात बांगड्या, पण कपाळ मोकळे. बरोबर दोन पुरुष, त्यातला एक ब्राह्मण. गुरवीणबाई भली होती. तिने घागर खाली ठेवली, कतरीनच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हलक्या आवाजात विचारले की ते जाऊन किती दिवस झाले.

कतरीनला आधी कळेना. कळले तेव्हा तिने तळ्याकडे बोट केले. "गेले नाय अजून. ते काय, चिखलात उभे हायत."

गुरवीणबाईने पाहिले. मी त्या वेळी दोन्ही हात वर करून उभा होतो. तिला हसू आवरेना. मग कतरीनने समजावले की आम्ही किरिस्ताव, आमच्यात कुंकू नसते. गुरवीणबाईला हे पटायला जरा वेळ लागला. तिचे म्हणणे असे की नवरा जिवंत असण्याची काही तरी खूण बाईने अंगावर ठेवावी, लोकांना कसे कळणार. कतरीन म्हणाली की ओरडण्यावरून कळते. शेवटी गुरवीणबाईने मुलाकडून मला दोर पाठवला आणि आम्हाला उतरायला आपल्या घराची पडवी दिली. शास्त्रीबुवांची सोय देवळाच्या ओवरीत झाली. चिखल धुऊन मी पडवीत आलो तेव्हा कतरीनने मला नमस्कार केला आणि म्हणाली की परत आलात, फार बरे झाले, मी तर रडायला बसणार होते.

दुपारी तिघेही काठावर बसलो. या वेळी दुर्बीण आळीपाळीने धरायची असे आधीच ठरले होते. ठरवले कोणी ते सांगायला नको. तळ्यात टिबुकल्या बुडत होत्या, वर येत होत्या. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात शेपटी झटकत हिंडत होती. कमळपक्षीही होते. एक अंगाने मोठा होता आणि दुसऱ्या एका मोठ्याशी सारखा भांडत होता. एक लहान होता, तो शांतपणे पानांखाली टोची मारत होता. मग मोठा पक्षी त्या बाजूच्या दुसऱ्या एका लहान पक्ष्याजवळ आला, आणि त्यांच्यात जे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. शास्त्रीबुवांनी तोंड माहुलीकडे फिरवले. मी मात्र शास्त्राला लाज नसते म्हणून पुरते पाहिले. कोण वर आणि कोण खाली, एवढे ध्यानात ठेवले. कतरीन म्हणाली, "नळी इकडं द्या आता. पाळी माझी हाय."

तिच्या हातात दुर्बीण जाऊन थोडाच वेळ झाला असेल. वरून एक तांबूस घार फिरत गेली. कतरीन एकदम ताठ झाली. तिने मला हाताने गप्प केले आणि कुजबुजली की टोची मारणाऱ्या त्या लहान पक्ष्याला पाय फुटले. किती, मी विचारले. ती म्हणाली, मोजत नाही, आधी शास्त्रीबुवांना बघू दे.

तिने दुर्बीण त्यांच्यापुढे केली. शास्त्रीबुवांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यांची नजर नळीवरच्या तांबड्या चामड्यावर होती.

मला हे ठाण्यातच सुचायला हवे होते. इतकी वर्षे मी त्यांच्याबरोबर एका खोलीत बसलो. दौत, टाक, तपकिरीची डबी, त्यांचे सगळे मला पाठ. चामडे डोळ्याला लावायचे, तेही आमच्या हातचे, हे त्यांच्याने होणार नाही हे माझ्या ध्यानातच आले नाही. मी विनवले. म्हटले, बुवा, क्षणभर, माझा वर्ग जातो. ते म्हणाले, "मास्तर, मी हट्ट करत नाही. मला जमत नाही." कतरीनने नळी मागे घेतली. चोवीस तासांपूर्वी ज्यांना मी खोटा ठरलेला आवडला असता, त्यांना त्या क्षणी स्वतःचेच वाईट वाटत होते.

तोवर घार गेली होती, आणि पक्षी मोठ्या पानांच्या आड. साध्या डोळ्यांना तिथे नुसता हिरवा रंग दिसत होता.

संध्याकाळी पडवीत कतरीनने गुरवीणबाईकडून सुरी आणि सुई मागून आणली. मी विचारले कशाला. तिने दुर्बीण मांडीवर घेतली आणि चामड्याची शिवण उसवायला लागली. ती दुर्बीण मी कशी मिळवली, किती जपली, हे मी तिला सांगू लागलो. तिने एकही टाका चुकू न देता सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सवतीचं लुगडं फेडतेय, तर जीव जातोय तुमचा. वर्ग पायजे की चामडं?"

चामडे निघाले. आत नागवे पितळ, काळवंडलेले. तिने ते चुलीतल्या राखेने आणि चिंचेने असे घासले की देवळातल्या समईला लाज वाटावी. सकाळी शास्त्रीबुवा स्नान करून आले. त्यांनी पितळ पाहिले. धातू राखेने घासला की शुद्ध, असे ते स्वतःशी म्हणाले, आणि तरीही आपल्या तांब्यातले पाणी नळीवर घातले. थेंब काचेच्या कडेने आत जातो की काय म्हणून मी डोळे मिटले.

टिटवाळे, दुसरा दिवस

आमच्याकडे तो एकच दिवस उरला होता. संध्याकाळी कल्याणला गाडी, आणि उद्या शाळा.

सकाळी तळ्यावर बारीक पाऊस धरून राहिला. पाखरे पानांखाली. शास्त्रीबुवा इरल्याखाली बसले, मांडीवर पितळी नळी, जशी कोणी पोथी धरावी. आम्ही दोघे दुसऱ्या इरल्याखाली. एका इरल्यात दोन माणसे मावत नाहीत. डावा अर्धा मी भिजलो, उजवी अर्धी ती. बोलायचे नाही असे ठरले होते. मी वर्गाचा विचार करत होतो. त्या वर्गात एक खाटकाचा मुलगा आहे, एक सुताराचा. एरवी धडे पाठ करताना त्यांची जीभ अडखळते, पण कोळी किड्याच्या जाळ्याला किती आरे असतात हे ते न बघता सांगतात. उद्या त्यांना काय सांगायचे?

दुपारी पाऊस उघडला. लहान कमळपक्षी बाहेर आला. सावकाश, एकेका पानावर बोटे पसरत. त्याच्या आजूबाजूला पानांवर काही तरी हलत होते, पण माझ्या डोळ्यांना ते पाण्याचे थेंब की आणखी काही, कळेना. नळी शास्त्रीबुवांच्या डोळ्याला होती आणि ती मी मागू शकत नव्हतो. हातात एक खडा आला होता. पाण्यात टाकला तर पक्षी दचकेल, आणि दचकला की कालच्यासारखे पाय दिसतील. कतरीनने माझ्या मुठीवर हात ठेवला आणि बोट बोट करून ती उघडली. खडा तिने आपल्या ओच्यात टाकला.

मग घार आलीच. कालचीच असेल. तिची सावली पाण्यावरून सरकत गेली, पक्ष्याने बारीक किर्र असा आवाज केला, आणि तो जागेवर किंचित खाली बसून पुन्हा उभा राहिला.

शास्त्रीबुवांचे ओठ हलत होते, पण ते मंत्र म्हणत नव्हते, मोजत होते. मोजून झाल्यावरही त्यांनी नळी खाली घेतली नाही. घार पलीकडे निघून गेली. पक्षी काही पावले चालला. मी शास्त्रीबुवांकडेच बघत होतो. पक्ष्याचे पाय दिसत नसले तर त्याला बघणारा तरी बघावा. अचानक त्यांच्या तोंडावर असे हसू आले की वर्गात संस्कृत शिकवताना तसे मी कधी पाहिले नव्हते.

"मास्तर," ते म्हणाले, "दहा पाय आहेत. पण पक्षी पाच आहेत."

त्यांनी नळी माझ्या हातात दिली. थेट हातात, खाली न ठेवता. मी लावली. तांबड्या पंखाखालून एक पिल्लू पानावर उतरत होते. मळकट कापसाच्या बोळ्याएवढे, आणि पाय त्याच्या बापाएवढे वाटावेत असे लांब. त्याच्या आधी उतरलेली तिघे पलीकडे पळत होती. घार दिसली की तो पक्षी पिल्लांना दोन्ही काखांत उचलून घेई, आणि त्यांचे लांबडे पाय खाली लोंबत राहत. श्रावणात मी पाय मोजले, पोटे मोजायची राहिली.

कतरीनने पाहिले, आणि खूप वेळ पाहिले. मग म्हणाली की आई असावी तर अशी. तेव्हा मला आदल्या दुपारचे ते न लिहिण्यासारखे आठवले. मोठा पक्षी खाली होता, लहान वर. म्हणजे मोठी ती मादी, आणि ती दोन दिवस नुसती भांडत आणि हिंडत होती, पिल्लांकडे फिरकलीही नव्हती. काखेत पिल्ले घेऊन फिरणारा हा लहान तो बाप. हे मी पुराव्यानिशी मांडले. शास्त्रीबुवांना तो पुरावा मागावा लागला नाही, मात्र त्यांचे कान लाल झाले. कतरीनने एकवार तळ्याकडे आणि एकवार माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "गुरवीणबाईला सांगते. तिच्या नवऱ्यालाबी दाखवते."

आणि खरेच ती त्यांना बोलावून घेऊन आली. गुरवाने नळीतून पाहिले, हसला, आणि म्हणाला की आमच्या गावच्या पक्ष्यांना काय झाले आहे देव जाणे.

ठाणे

सुट्टी संपल्यावर हेडमास्तरांनी आम्हाला दोघांना बोलावले. मी तोंड उघडण्याआधी शास्त्रीबुवांनी सुरुवात केली. त्यांनी तळे सांगितले, घार सांगितली, काखा सांगितल्या. कोणता मोठा आणि कोणता लहान तेही सांगितले, मात्र आम्हाला ते कसे कळले हे गाळले. हेडमास्तरांनी विचारले की मग मास्तर चुकले होते की नव्हते. शास्त्रीबुवा म्हणाले की मास्तरांनी जे दिसले ते सांगितले, आणि कळले नाही ते पुन्हा जाऊन पाहिले. वर्ग याच कामासाठी असेल तर तो चालू ठेवावा. मग खोलीबाहेर आल्यावर मला म्हणाले की याने शरभाचे काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, पण तुम्ही आता त्याला थाप म्हणताना जरा दमाने घ्या.

बाबांना मी सगळे सांगितले. त्यांनी विचारले की बाप काखेत घेतो, हे नक्की ना. नक्की म्हटल्यावर पागोटे घालून बाजारात निघून गेले, कारण तिथे हसणाऱ्यांची नावे त्यांना माहीत होती.

हे सगळे टिटवाळ्याला न गेलेल्यांसाठी लिहिले आहे. जाणाऱ्यांनी भाद्रपदात जावे, काठाचे गवत आधी काठीने चाचपावे, आणि दुर्बीण एकट्याने धरून बसू नये.

सृष्टिज्ञानाचा वर्ग चालू आहे. त्याचा पहिला धडा कमळपक्ष्याचा आहे. तो मी शिकवला, शास्त्रीबुवांनी मागच्या बाकावर बसून ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी कतरीनने वर्गात येऊन मुलांना जे तिने पाहिले ते तिच्या तोंडाने सांगितले.